शकुंतलेचा मालधक्का आधी का ओस पडला?

गेल्या हंगामात आमच्या दुकानी एक तरुण व्यापारी एक निवेदन घेऊन आले. मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर ही छोटी रेल्वे रुंद करून पुन्हा सुरू करावी, अशी त्यात मागणी होती. त्याखाली गावच्या व्यापाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. सही करण्यापूर्वी त्यांनीच आम्हाला विचारले, "चाचा, ही गाडी तर कापसासाठी बांधली होती म्हणतात. मग कापूस असून ती बंद कशी पडली?" प्रश्न रास्त होता. आम्ही तेव्हा जे उत्तर दिले ते अपुरे वाटले. म्हणून थोडी चौकशी केली, घरातल्या जुन्या वह्या चाळल्या आणि जे समजले ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम ही लाइन का झाली ते पाहू. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्रज व्यापाऱ्याची नजर वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीवर पडली. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली. पण मुख्य लाइन ज्या गावांना चुकवून गेली त्यांच्या बाजारपेठा अडचणीत आल्या. खामगाव आणि अमरावती या मोठ्या मंड्यांसाठी तेवढ्यापुरते छोटे फाटे टाकले गेले. खामगावचा फाटा उघडण्यासाठी १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते, यावरून कापसाचे त्यावेळी काय मोल होते ते समजावे. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, अंजनगाव, अचलपूर ही गावे मात्र बैलगाडीवरच राहिली.

ही उणीव भरून काढली ती किलिक निक्सन या पेढीने. ही पेढी १८५७ साली मुंबईत स्थापन झालेली. तिच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अडीच फुटी रुळांची लाइन टाकली. मूर्तिजापुरापासून यवतमाळ ११३ किलोमीटर आणि दुसऱ्या अंगाला अचलपूर ७७ किलोमीटर. पुलगाव-आर्वी हे ३५ किलोमीटरचे तिसरे भावंड १९१७ साली आले. अचलपूरच्या बाजूला एका स्टेशनाचे नावच कापूसतळणी आहे. पुढे लोकांनी या गाडीला शकुंतला म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झाले.

रेल्वे बांधणे म्हणजे इंग्रजांचेच काम असा एक समज आहे. त्याच सुमारास, १९०७ साली, नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी सर आदमजी पीरभाई यांच्या घराण्याने स्वतःचा पैसा घालून सुरू केली. एका व्यापारी घराण्याने लाइन बांधावी, हे त्या काळी अशक्य नव्हते. ती गाडी डोंगर पाहायला येणाऱ्यांच्या जिवावर तगून राहिली. आमच्याकडे डोंगर नाही. आमची गाडी मालावरच चालायची.

आता मालाचा प्रवास कसा होई ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळे गणित तिथेच आहे. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला की साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने स्टेशनाला खेटून उभे राहिले, सरकी आणि घाण कोण दूर वाहून नेईल? रुईच्या गाठी बांधल्या जात. आजच्या हिशेबाने एक गाठ १७० किलोची. गाठ प्रेसमधून बैलगाडीवर चढे, मालधक्क्यावर उतरे, तिथून छोट्या वाघिणीत भरली जाई. मूर्तिजापूरला पोहोचली की रूळ बदलले. आमचे रूळ अडीच फुटांचे, मुख्य लाइनचे साडेपाच फुटांचे. छोटी वाघीण पुढे जाऊ शकत नाही. सबब प्रत्येक गाठ हमालाने पाठीवर घेऊन मोठ्या वाघिणीत टाकावी लागे. मुंबईला उतरून पुन्हा गाडीवर, आणि मग गिरणीच्या गोदामात. मोजून पाहा. गाठीला सहा वेळा हात आणि आकडा लागतो. दर वेळी हमाली, दर वेळी थोडे फाटणे, पावसाळ्यात थोडे भिजणे, आणि कधी थोडे 'हरवणे'.

येताना माल उलट्या दिशेने येई. आमचे दादा सांगत की मीठ, रॉकेल, लोखंड आणि मुंबईचे कापड याच गाडीने कारंज्याला उतरायचे. वालिदसाहेबांच्या वहीत अशा बिल्ट्यांची नोंद आम्ही स्वतः पाहिली आहे. एका वर्षी पाच गाठोडी धोतरजोड्यांची निघाली आणि साडेचार पोहोचली, म्हणजे एक गाठोडे वाटेत फुटले होते. ते कुठे फुटले हे कोणालाच सांगता येईना, तेव्हा दावा तरी कोणावर लावायचा? वहीत त्या रकमेसमोर वालिदांनी फक्त 'सबर' असे लिहिले आहे. पुढल्या पानापासून कापड ट्रकने आल्याच्या नोंदी सुरू होतात.

ट्रकचे गणित सोपे आहे. दहा टनांच्या ट्रकमध्ये ५८ गाठी बसतात. जिनिंगच्या दारात भरला, गिरणीच्या दारात उतरला. सहाऐवजी दोनदा हात लागला. भाडे किलोमीटरमागे जास्त पडले तरी हमाली, नासधूस आणि अडकलेला पैसा धरला की ट्रक स्वस्त पडतो. अडकलेला पैसा ही बाब आपल्यापैकी अनेक जण हिशेबात धरीत नाहीत. माल पंधरा दिवस वाटेत म्हणजे रक्कम पंधरा दिवस वाटेत. छोट्या भांडवलाच्या माणसाला हेच सर्वात महाग पडते.

पण ट्रक आले म्हणून गाडी मेली एवढेच म्हटले तर उत्तर अर्धे राहते. ट्रक तर मुख्य लाइनच्या शेजारीही धावतात आणि तिथे मालगाड्या आजही भरभरून जातात. आमच्या लाइनवर आणखी तीन घाव बसले.

पहिला, माल पाठवणाराच बदलला. १९७२ सालापासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच द्यायचा, खासगी व्यापाऱ्याने घ्यायचा नाही. योजनेच्या गुणदोषांत आम्ही इथे शिरत नाही, त्यावर भरपूर वाद झाले आहेत आणि २००२ नंतर तिची मक्तेदारीही उरली नाही. पण एक गोष्ट खरी की मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा येथील आडत्ये आणि दलाल त्यातून बाजूला झाले. माल कोणत्या वाटेने जायचा हे ठरवणारा, स्टेशनमास्तरकडे वाघिणीसाठी रोज खेटे घालणारा माणूसच राहिला नाही.

दुसरा, माल घेणारा बदलला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. वऱ्हाडच्या रुईचे मोठे गिऱ्हाईक गेले. रुई दक्षिणेकडच्या सूतगिरण्यांकडे आणि गुजरातकडे वळली.

तिसरा घाव आमच्या मते सर्वात खोल आहे आणि त्याची चर्चा सर्वात कमी होते. १९८० नंतर रेल्वेने आपली मालवाहतुकीची पद्धतच बदलली. पूर्वी एक वाघीण भरली तरी रेल्वे ती घेई. ठिकठिकाणच्या यार्डांत वाघिणी जोडून-तोडून गाड्या बनवल्या जात. यात वेळ जाई, वाघिणी आठवडे आठवडे अडकून पडत. म्हणून रेल्वेने ठरवले की एका ठिकाणाहून निघून थेट दुसऱ्या ठिकाणी जाणारी संपूर्ण गाडीच घ्यायची. यालाच रेक म्हणतात. कोळसा, सिमेंट, खत, धान्य यांना हे फार सोयीचे झाले आणि रेल्वेचाही फायदा झाला. पण एका रेकमध्ये चाळीसच्या आसपास मोठ्या वाघिणी आणि दोन हजार टनांहून जास्त माल! दोन हजार टन म्हणजे हिशेबाने अकरा-बारा हजार गाठी. कापूस फुगीर असल्याने तितक्या बसणार नाहीत, तरी हजारो हव्यातच. आमच्या पट्ट्यात एका दिवशी इतक्या गाठी एकाच ठिकाणी पाठवणारा व्यापारी कोण? किरकोळ माल पाठवणाऱ्याला रेल्वेने नाही म्हटले असे नाही, पण त्याच्यासाठी दारच अरुंद झाले. फाटा-लाइन ही मुळात किरकोळ मालावर जगणारी चीज. तिचे अन्नच तुटले.

आमच्या पिंजारी बांधवांना वाटेल की गाठींचा हा मोठा हिशेब आपल्या कामाचा नाही. पण प्रवासी गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये दोन गाठोडी टाकून बाजाराला जाणारा माणूस तोच होता. रुईचे एक पोते, बांगड्यांची पेटी, शिवलेल्या गोधड्यांचा गठ्ठा यासाठी ट्रक कोणी करीत नाही. एस.टी.च्या टपावर जागा मिळाली तर ठीक, नाही तर मुक्काम.

यात मालकीचा घोळ वेगळाच. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक खासगी रेल्वे सरकारने घेतल्या, ही मात्र घेतली गेली नाही. रूळ कंपनीचे, गाडी चालवणार मध्य रेल्वे, आणि कंपनीला ठरलेला हिस्सा. वर्तमानपत्रांतून 'अजूनही इंग्रजांची रेल्वे' असे मथळे येत. ते पुरते बरोबर नव्हते, कारण किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत आली होती. खरी अडचण दुसरी. पगडीच्या दुकानाचे छप्पर गळते तेव्हा काय होते ते आपण जाणतो. मालक म्हणतो, वापरतो तो दुरुस्त करील. भाडेकरू म्हणतो, ज्याचे आहे तो करील. दोघेही बरोबर आणि छप्पर गळतच राहते. या लाइनचे तसेच झाले. रूळ झिजले, वेग उतरत गेला.

१९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन सत्तर वर्षांवर चालले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले, त्याच्या जागी डिझेल आले. आम्ही त्या वेळी ऐन तरुणपणात होतो. गावात पेढे वाटले गेले, गाडी आता सुधारणार म्हणून. पण तोवर ती मुख्यतः गोरगरीब प्रवाशांची गाडी झाली होती. तिचे तिकीट एस.टी.च्या मानाने फारच कमी. अशा तिकिटातून रुळांची दुरुस्ती निघत नाही, ती मालाच्या भाड्यातूनच निघते. पुढे यवतमाळची बाजू थांबली, नंतर अचलपूरची, आणि २०२० पर्यंत दोन्ही बंद झाल्या. मालधक्क्यावर उमर घालवलेल्या एका बुजुर्ग हमालाला आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, "गाडी मंग मेली सेठ, मालधक्का पयले मेला." त्यांचा मुलगा आता ट्रकवर क्लीनर आहे.

मग सही करावी की नाही? यासाठी लातूरकडे पाहावे. तिथेही अशीच अडीच फुटी लाइन होती, एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे, १८९७ साली सुरू झालेली. ती टप्प्याटप्प्याने रुंद झाली आणि २००८ च्या सुमारास कुर्डुवाडी-लातूर मार्गावर मोठी गाडी धावू लागली. २०१६ च्या दुष्काळात लातूरच्या नळांना पाणी उरले नाही तेव्हा मिरजेहून पाण्याच्या टाक्या भरलेली गाडी याच मार्गाने लातूरला आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, पुढे एका खेपेला पंचवीस लाख लिटर. अडीच फुटी रूळ असते तर ते पाणी कुर्डुवाडीलाच थांबले असते.

आमच्या लाइनच्या रुंदीकरणाची घोषणा २०१६ साली, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना झाली. त्यानंतर कित्येक वर्षे रूळ गवतातच राहिले. दरम्यान वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी मोठी लाइन पुढे सरकली, तिचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. याचा अर्थ कारंजा आणि अचलपूरच्या व्यापाऱ्यांनी ओळखावा. यवतमाळला दुसऱ्या बाजूने रेल्वे मिळणार, तेव्हा मूर्तिजापूरच्या लाइनसाठी ओरडणाऱ्यांत यवतमाळचा आवाज पूर्वीइतका राहील असे धरून चालू नये.

त्या निवेदनात प्रवासी गाडीची मागणी होती, थांब्यांची यादी होती, डब्यांची संख्याही होती. मालाबद्दल एक ओळ नव्हती. आम्ही सही केली, पण आधी त्या तरुणाकडून दोन ओळी वाढवून घेतल्या. कारंजा आणि अंजनगाव येथे मालधक्का असावा, आणि तिथे पूर्ण रेकची अट न घालता एक-दोन वाघिणींचा व पार्सलचा माल घेतला जावा. त्यांनी लिहिले खरे, पण विचारले, "चाचा, इतका माल आपल्याकडे आहे का?" तेव्हा आम्ही त्यांना सांगितले की आधी सर्व सही करणाऱ्यांकडून एक कागद भरून घ्या. मागच्या वर्षी किती क्विंटल माल बाहेर पाठवला, किती आणला, कुठून, आणि भाडे किती दिले. आमचा कागद आम्ही त्याच दिवशी भरून दिला. कापड, मालेगाव आणि भिवंडीहून, सर्व ट्रकने. मजकूर लिहून होईपर्यंत एकूण अठ्ठावीस कागद जमा झाले होते, सह्या मात्र चारशेच्या वर.