तिसरे भांडे

प्रोग्रामचे उत्तर चुकले तर चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याची, हा आमच्या व्यवसायातला पहिला धडा. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण माणसाने लिहिलेल्या ओळी यंत्राला थेट कळत नाहीत. त्यांचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा कंपायलर नावाचा भाषांतरकार मधे असतो. मूळ मजकूर निर्दोष असून भाषांतरच चुकले तर काय होते, हे मी एका छोट्या भाषेचा कंपायलर दुरुस्त करताना जवळून पाहिले.

तक्रार साधी होती. विजेच्या मीटरचे जुने आणि नवे रीडिंग घेऊन वापरलेले युनिट काढणारे एक फंक्शन होते. जुने रीडिंग ४२०, नवे ५००. उत्तर ८० हवे, येत होते ०. प्रोग्राम बंद पडत नव्हता, कसलाही इशारा देत नव्हता. बंद घराचे युनिट शून्यच येतात. त्यामुळे एकच नोंद पाहणाऱ्याला ते उत्तर खरेही वाटले असते. त्याहून विचित्र म्हणजे, आतली मूल्ये पाहण्यासाठी छापण्याची एक ओळ घातली की उत्तर बरोबर येई!

याचे कारण समजण्यासाठी फंक्शनला मूल्ये कशी पोचतात ते पाहू. प्रोसेसरमध्ये रजिस्टर नावाच्या मोजक्या, अतिशय वेगवान जागा असतात. ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर लिनक्समध्ये असा संकेत आहे, की पहिली सहा पूर्णांक मूल्ये ठरलेल्या सहा रजिस्टरांत ठेवायची : पहिले आरडीआयमध्ये, दुसरे आरएसआयमध्ये, याप्रमाणे. सातव्यापासून पुढची मूल्ये स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या उतरंडीवर. विंडोजचा संकेत वेगळा. तिथे अशी रजिस्टरे चारच. बोलावणारा आणि बोलावला गेलेला, दोघांनी एकच संकेत पाळला तरच व्यवहार जमतो.

आमच्या फंक्शनला जुने रीडिंग आरडीआयमध्ये आणि नवे आरएसआयमध्ये मिळत होते. ते पुढे वजाबाकीच्या फंक्शनला बोलावताना क्रम उलटा हवा : आधी नवे, मग जुने. कंपायलरने दोन आज्ञा लिहिल्या. आरएसआयमधले आरडीआयमध्ये घाल. मग आरडीआयमधले आरएसआयमध्ये घाल. पहिल्याच आज्ञेने ४२० पुसले गेले. दोन्हीकडे ५०० उरले आणि वजाबाकी शून्य झाली.

एका पेल्यात दूध, दुसऱ्यात ताक असेल आणि अदलाबदल करायची असेल, तर तिसरे भांडे लागते, हे घरात कोणालाही ठाऊक असते. कंपायलरला ते सांगितलेले नव्हते. छापण्याची ओळ घातली की मात्र दोन्ही मूल्ये आधी मेमरीत जपून ठेवावी लागत आणि तिथूनच परत आणली जात. नकळत तिसरे भांडे मिळे आणि दोष लपे.

दोन मूल्यांपुरता उपाय सोपा आहे. सहा असतील तर नीट पद्धत हवी. प्रत्येक मूल्य कुठून कुठे जायचे याचे बाण काढावेत. ज्या जागेतले जुने मूल्य आता कोणालाच नको आहे, ती जागा आधी भरावी. असे करत गेले की शेवटी फक्त गोल फिरणारी वर्तुळे उरतात. त्यांतले एक मूल्य मोकळ्या रजिस्टरात काढून ठेवले की वर्तुळ तुटते. त्यासाठी आम्ही आर११ हे रजिस्टर वापरले, कारण मूल्ये पोचवण्याच्या संकेतात ते येत नाही. दोन आज्ञांच्या जागी तीन झाल्या, एवढाच खर्च.

मग तपासणी. सहा जागांपैकी प्रत्येकीत सहांपैकी कुठलेही मूल्य येऊ शकते, म्हणजे एकूण ४६,६५६ रचना. त्या सगळ्या यंत्राकडूनच तपासून घेतल्या.

हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण लॉरेन्स रिदो, बर्नार्ड सर्पेत आणि झेविअर लरॉय या फ्रेंच संशोधकांनी २००८ साली नेमक्या याच पद्धतीची गणिती सिद्धता प्रसिद्ध केली. कॉम्पसर्ट या सिद्ध केलेल्या कंपायलरात ती वापरली आहे. प्रसिद्ध कंपायलरही निर्दोष नसतात. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातील संशोधकांनी सी-स्मिथ या साधनाने यदृच्छेने प्रोग्राम तयार करून निरनिराळ्या कंपायलरांना दिले आणि तोवर अज्ञात असलेले ३२५हून अधिक दोष शोधल्याचे २०११ साली नोंदवले.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. कंपायलर दुरुस्त झाला, म्हणून त्याने आधी तयार केलेले प्रोग्राम आपोआप सुधारत नाहीत. मूळ मजकुरात एक अक्षरही न बदलता ते सगळे पुन्हा कंपाइल करावे लागतात. तोवर प्रत्येक जुनी प्रत तेच शून्य तितक्याच आत्मविश्वासाने दाखवत राहते.