गोशाळा चालवायची तर आधी चारा मोजा. नवीन जनावर थेट कळपात नको

मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हातारे बैल, भाकड गाई, पोलिसांनी वाहतुकीत पकडलेली जनावरं, आता सगळ्यांची वाट गोशाळेकडेच जाते. शेड उभं राहतं, फलक लागतो, उद्घाटन होतं. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते.

हिशेब साधा आहे. तीनशे किलोच्या भाकड जनावराला रोज साधारण १५ किलो हिरवा चारा आणि ४ ते ५ किलो कडबा लागतो. १०० जनावरं असतील तर दिवसाला दीड टन हिरवं आणि साडेचार क्विंटल वाळलं. मार्च ते जून एवढ्यासाठीच ५० टनांवर कडबा झाला. रब्बी ज्वारी निघाली की कडबा स्वस्त असतो, गंज तेव्हाच लावून घ्यायची. मे महिन्यात कडब्याचा भाव काय होतो ते आपल्याला कुणी सांगायला नको. एवढी जागा आणि पैसा नसेल तर ५० जनावरांवर थांबा. ‘गोमातेला नाही कसं म्हणायचं’ असं म्हणून भरती करायची आणि उन्हाळ्यात उपाशी बांधायचं, याला सेवा म्हणत नाहीत.

कारखाने चालू असताना उसाचं वाढं मुबलक मिळतं. पण नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवलं तर त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं. वाढ्याची कुट्टी करून वर चुन्याची निवळी शिंपडायची आणि सोबत कडबा द्यायचा. कोवळी ज्वारी मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, किराळ लागली तर डॉक्टर पोचेपर्यंत जनावर जातं.

दुसरा धोका श्रद्धेचा. पोळ्याला, अमावास्येला लोक पुरणपोळ्या, भात, गहू आणून पुढ्यात टाकतात. एकदम एवढं पोटात गेलं की आम्ल वाढतं, जनावर दगावतंही. दारातच पाटी लावा: शिजवलेलं नको, कडब्याची पेंढी द्या.

सगळ्यात जास्त चूक होते ती नवीन जनावर आणताना. गाडीतून उतरवलं की सरळ दावणीला! २०२२ ला लम्पीने काय केलं ते गावोगाव पाहिलंय. माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत हा रोग पसरतो आणि अंगावर गाठी दिसेपर्यंत दिवस जातात. म्हणून नवीन जनावर २८ दिवस वेगळं बांधायचं. त्याची बादली, टोपली वेगळी. चारापाणी करणाऱ्याने आधी जुना गोठा उरकायचा, मग तिकडे जायचं. त्याच मुदतीत गोचीड निर्मूलन, जंताचं औषध आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लाळ्या खुरकूत, लम्पीची लस. या कोपऱ्यासाठी जागा नाही असं बरेच संचालक सांगतात. मग त्या दिवशी जनावरही घेऊ नये.

पकडलेलं जनावर न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत मुद्देमाल असतं, ते परस्पर कुणाला देता येत नाही. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, फोटो, आल्याची तारीख वहीत पहिल्याच दिवशी लिहा. मेलं तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा कागद जपून ठेवा, पुढे विचारणा होते.

बसलेलं म्हातारं जनावर उठत नसेल तर खाली जाड पाचट टाकून दर काही तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर जखमा पडतात. रात्रीही. त्यासाठी मुक्कामी माणूस हवाच. डॉक्टर लांब असतील तर १९६२ या क्रमांकावर पशुसंवर्धन विभागाचं फिरतं पथक मागवता येतं.