रोबो मैदानात, प्रेक्षक घरात

विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धा आणि प्रसारण यांचे नाते जुने आहे. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारण संस्थांच्या संघटनेनेच २००२ साली टोकियो येथे ‘एबीयू रोबोकॉन’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. २००८ मध्ये ती पुण्यात भरली, तेव्हा स्पर्धेचा विषय दहीहंडीवर बेतलेला होता. त्या काळी अशा सामन्यांचे थेट प्रक्षेपण करणे हे दूरचित्रवाणी वाहिनीचेच काम होते. आज ते एखाद्या विद्यालयालाही शक्य आहे. गोव्यात ‘केअर्स’ योजनेमुळे कोडिंग व रोबोटिक्स शाळांच्या वर्गांत पोहोचले असताना तर या तंत्राची माहिती प्रत्येक आयोजकाला असणे अगत्याचे ठरते.

पहिला नियम असा की, प्रक्षेपणामुळे सामन्याला बाधा येता कामा नये. अनेक रोबो वायफाय किंवा ब्लूटूथवर चालतात. ब्लूटूथ आणि बहुसंख्य साधे वायफाय राउटर २.४ गिगाहर्ट्झ ही एकच लहरपट्टी वापरतात. प्रक्षेपण पथकाने मैदानाशेजारी मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू केला, तर या लहरींची गर्दी वाढून ऐन सामन्यात रोबोचा संपर्क तुटू शकतो. कित्येक महिन्यांची मेहनत अशी अडीच मिनिटांत वाया जाऊ शकते. अमेरिकेतील ‘फर्स्ट’ या संस्थेच्या स्पर्धांत संघांना स्वतःचे वायफाय उभारण्यास मनाई असते, ती याच कारणाने. म्हणून प्रक्षेपणाचा लॅपटॉप राउटरला केबलनेच जोडावा आणि त्याचे वायफाय बंद ठेवावे.

दुसरा प्रश्न इंटरनेटच्या वेगाचा. येथे डाउनलोड नव्हे, तर अपलोडचा वेग महत्त्वाचा. ७२० पिक्सेल दर्जाच्या चित्राला सेकंदाला सुमारे ४ मेगाबिट लागतात. प्रत्यक्षात याच्या दुप्पट अपलोड वेग हाताशी असावा. या दराने तासाला सुमारे १.८ गिगाबाइट, म्हणजे सहा तासांच्या स्पर्धेला जवळजवळ ११ गिगाबाइट डेटा खर्च होतो. मोबाइल जोडणीवर विसंबून राहणे धोक्याचे असते. रिकाम्या सभागृहात मिळणारा वेग प्रेक्षकांनी सभागृह भरल्यावर टिकेलच असे नाही. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो. तेव्हा राउटरही यूपीएसवर असावा.

चित्रणासाठी दोन कॅमेरे पुरेसे आहेत. एक उंचावर, तिकाटण्यावर स्थिर ठेवून संपूर्ण मैदान दाखवणारा. दुसरा हाती घेऊन संघांच्या तयारीत फिरणारा. सामना सुरू असताना मात्र पहिलाच कॅमेरा दाखवावा. जवळून टिपलेले चाक आकर्षक दिसते खरे, पण गुण कोठे मिळाला हे त्यातून कळत नाही. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने शटरचा वेग एक-पन्नासांश किंवा एक-शतांश सेकंद ठेवावा, म्हणजे दिव्यांची लुकलुक चित्रात उमटत नाही. कॅमेऱ्यांची निवड, वेळ आणि गुणफलक हे सारे ‘ओबीएस स्टुडिओ’ या मोफत सॉफ्टवेअरवर हाताळता येते.

ध्वनीकडे बहुधा दुर्लक्ष होते. कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये सभागृहाचा गलकाच अधिक येतो. त्यामुळे निवेदकाचा आवाज ध्वनियंत्रणेच्या मिक्सरमधून थेट लॅपटॉपला द्यावा. निवेदकाने प्रत्येक सामन्यापूर्वी नियम दोन वाक्यांत सांगावेत. हे काम स्पर्धेबाहेर पडलेल्या संघातील विद्यार्थ्याकडे सोपवले तर उत्तम, कारण खाचाखोचा त्यालाच ठाऊक असतात. पार्श्वभूमीला चित्रपटगीते वाजवणे मात्र टाळावे. स्वामित्वहक्काच्या दाव्यामुळे प्रक्षेपण मध्येच थांबू शकते.

वाहिनी विद्यार्थ्याच्या नव्हे, तर संस्थेच्या नावे असावी. यूट्यूबने २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना स्वतंत्रपणे थेट प्रक्षेपण करण्यास बंदी घातली आहे. शिवाय नव्या वाहिनीवर ही सुविधा सुरू होण्यास २४ तासांपर्यंत अवधी लागतो. ती आदल्या आठवड्यातच सुरू करून एक चाचणी घ्यावी. मुलांचे चेहरे दिसणार असल्याने पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि ज्यांची संमती नाही त्यांच्यावर कॅमेरा रोखू नये.

शेवटी, सामन्यांचे चित्रण लॅपटॉपवरही साठवत राहावे. इंटरनेट तुटले तरी नोंद उरते आणि नंतर प्रत्येक सामना वेगळा करून संघांना देता येतो. हरलेल्या संघाला आपला रोबो नेमका कोठे अडला हे त्या चित्रणातच दिसते. काणकोणात कामावर असलेल्या पालकाला पणजीतील आपल्या मुलीचा सामना पाहता येणे हे या प्रक्षेपणाचे आजचे फळ. पुढच्या वर्षी तिच्या संघाने अधिक चांगला रोबो बांधणे, हे त्याचे उद्याचे फळ होय.