मावळे रंगवताना दोन कंपन्यांचे रंग मिसळावेत का?

दिवाळीची सुट्टी लागली की पुणे-नाशिक महामार्गावरच्या पेठपासून थेट जुन्नरपर्यंत अंगणाअंगणांत किल्ले उभे राहतात. शिवनेरी तर याच मुलखातला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत तोही आहे. किल्ल्यावर ठेवायचे प्लास्टरचे कोरे मावळे घरीच रंगवायचे म्हटले, की हाताशी असतील ते रंग गोळा होतात: दप्तरातले पोस्टर कलर, ताईचे फॅब्रिक कलर, दाराला लावून उरलेला ऑइल पेंट. कोणता रंग कशात चालतो, याबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: दोन कंपन्यांचे रंग एकत्र केले की फाटतात.

वस्तुस्थिती: रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात: रंगद्रव्य, ते पृष्ठभागाला धरून ठेवणारं बाइंडर आणि पातळ ठेवणारा द्रव. दोन रंगांचं बाइंडर आणि द्रव जुळत असेल, तर कंपनी वेगळी असली तरी बहुधा अडत नाही. कॅमल आणि फेव्हिक्रिल यांचे पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग एकमेकांत चालतात. उलट, एकाच कॅमलचे पोस्टर कलर आणि अ‍ॅक्रिलिक यांचा स्वभाव अगदी वेगळा. अ‍ॅक्रिलिक एकदा वाळला की पाण्याने विरघळत नाही. पोस्टर कलर ओल्या बोटालाही लागतो. किल्ल्यावर हळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी शिंपडायचं असतं, वर पहाटेचं दव. अशा ठिकाणी पोस्टर कलरचा मावळा दोन दिवसांत ओघळतो. पोस्टर कलर अ‍ॅक्रिलिकमध्ये मिसळला, तर तो थरही कच्चा राहतो.

गैरसमज: बाटलीवर ‘अ‍ॅक्रिलिक’ लिहिलंय, म्हणजे सगळे सारखेच.

वस्तुस्थिती: मॉडेल रंगवणाऱ्यांत चालणारे स्पेनचे वालेहो आणि ब्रिटनचे सिटाडेल हे रंग पाण्यात पातळ होतात आणि सहसा एकमेकांत मिसळतात. जपानच्या तामियाच्या बाटलीवरही अ‍ॅक्रिलिकच लिहिलेलं असतं, पण त्यात अल्कोहोलसारखे द्रावक असतात. तो वालेहोत घातला तर गुठळ्या होऊ शकतात. फॅब्रिक कलर कापडाबरोबर वाकावा म्हणून मऊ बनवलेला असतो, त्यामुळे मूर्तीवर त्याचा जाड थर चिकट राहू शकतो.

गैरसमज: ऑइल पेंट आणि अ‍ॅक्रिलिक एका मावळ्यावर चालतच नाहीत.

वस्तुस्थिती: ओले असताना ते एकत्र करू नयेत. थर मात्र देता येतात. अ‍ॅक्रिलिक पूर्ण वाळल्यावर त्यावर ऑइल पेंट बसतो. उलट करायचं असेल तर ऑइल पेंट काही दिवस पक्का वाळू द्यावा, हलकासा पॉलिश पेपर मारावा आणि मगच वर रंग द्यावा. थिनरवाला स्प्रे ऑइल पेंटवर मारला, तर खालचा रंग सुरकुततो किंवा उचलला जातो.

गैरसमज: नाव तेच, म्हणजे छटाही तीच.

वस्तुस्थिती: निळ्या रंगाच्या दोन ट्यूबा घ्या. चित्रकारांच्या ट्यूबवर रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक असतो. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, थोडा जांभळटाकडे झुकणारा. पीबी १५ म्हणजे थॅलो, हिरवटाकडे झुकणारा. दोन्हींत तोच पिवळा घातला तर थॅलोचा हिरवा चटकदार होतो, अल्ट्रामरीनचा मातकट. तटाबुरुजांखालच्या झाडीला खरं तर हा मातकटच शोभतो. भगव्याचंही तसंच. लाल एका कंपनीचा, पिवळा दुसऱ्या कंपनीचा असेल, तर सगळ्या झेंड्यांना पुरेल एवढा भगवा एकदाच कालवून झाकणाच्या डबीत ठेवा. दुसऱ्या दिवशी तीच छटा पुन्हा जमणं अवघड.

गैरसमज: घट्ट रंगात हवं तेवढं पाणी घालावं.

वस्तुस्थिती: पाणी वाढलं की बाइंडर विरळ होतं आणि वाळल्यावर रंग भुकटीसारखा हाताला लागतो. जास्त पातळ करायचा असेल तर अ‍ॅक्रिलिक मीडियम वापरावं. कोरं प्लास्टर पाणी शोषून घेतं, त्यामुळे आधी प्रायमरचा एक हात द्यावा. मग एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यावेत. अंगरख्याच्या चुण्या आणि मिशीची रेघ त्यामुळेच बुजत नाही.

गैरसमज: पाण्यात मिसळणारा रंग म्हणजे निर्धोक.

वस्तुस्थिती: काही रंगद्रव्यांत कॅडमियमसारखे जड धातू असतात. ब्रशला टोक काढायला तो तोंडात घालायची सवय मुलांना लागू देऊ नका. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा जास्त नसावं, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. म्हणून गोठ्यातल्या फळीवरचा त्याआधीचा जुना डबा मुलांच्या हातात देऊ नये. ऑइल पेंट आणि थिनरचं काम मोठ्यांनी, मोकळ्या हवेत करावं.

कोणतेही दोन रंग मिसळण्यापूर्वी त्यांचे चार-चार थेंब पुठ्ठ्यावर कालवा. गुठळी झाली तर तिथेच थांबा. नाही झाली तर रात्रभर वाळू द्या आणि सकाळी आधी ओलं बोट, मग नख फिरवून बघा. रंग निघाला नाही, तर ते मिश्रण मावळ्यावर बिनधास्त लावा. रंग निवडताना कंपनीच्या नावाआधी तो पाण्याचा, तेलाचा की थिनरचा, हे वाचा.