फोनवर दिसणारा क्रमांक खरा मानावा का?

समजा, संध्याकाळी घरातला फोन वाजतो. पडद्यावर विमा कंपनीचा क्रमांक दिसतो. पलीकडून गोड आवाजात कोणी सांगते, "आजोबा, तुमच्या पॉलिसीचा बोनस अडकला आहे. आजच एक नवी पॉलिसी घेतलीत तर तो मोकळा होईल." आजोबा चष्मा शोधू लागतात. क्रमांक कंपनीचाच आहे, मग शंका कशाला?

शंका घ्यायला हवी, आणि ती का, हे विज्ञान सांगते.

बोलणाऱ्याच्या आवाजाने मायक्रोफोनचा पडदा कंप पावतो आणि त्या कंपनांचे विद्युत् संदेशात रूपांतर होते. पारंपरिक अंकीय दूरध्वनीत हा संदेश सेकंदाला ८००० वेळा मोजतात. प्रत्येक माप ८ बिटांत लिहिले, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट झाले. परंतु पडद्यावरचा क्रमांक यातून येत नाही. तो स्वतंत्र संदेशाने येतो. पाकिटावरील 'प्रेषक' या ओळीसारखाच तो असतो. ती ओळ खरी की खोटी, हे पोस्टमन तपासत नाही!

साध्या मोबाइलवरून फोन केला, तर हा क्रमांक दूरध्वनी कंपनीची यंत्रणाच भरते. मात्र इंटरनेटमार्गे फोन जोडणाऱ्या काही यंत्रणांत भलताच क्रमांक भरता येतो. परदेशातून भारतीय क्रमांक दाखवत येणारे असे फोन रोखण्यासाठी दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये खास यंत्रणा सुरू केली.

आता उलट बाजू पाहा. तुम्ही स्वतः क्रमांक फिरवलात, तर तो पाकिटावरील 'प्रति' या ओळीचे काम करतो. ज्याच्या नावे तो नोंदलेला असतो, त्याच्याकडेच फोन जातो. येणारा क्रमांक हा केवळ दावा असतो. आपण फिरवलेला क्रमांक हा पत्ता असतो. म्हणून आलेला फोन ठेवावा आणि पॉलिसीच्या कागदावर छापलेला क्रमांक स्वतः फिरवावा. बोलणाऱ्याने सांगितलेला क्रमांक मात्र मुळीच नको.

भारतात विक्रीच्या फोनांसाठी १४० ने, तर बँका व विमा कंपन्यांच्या सेवेच्या फोनांसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवले आहेत. विक्रीचे फोन नको असतील तर १९०९ वर तशी नोंद करता येते. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर १९३० वर विनाविलंब कळवावे.

आज एक कृती करा. घरातील पासबुके आणि पॉलिसीचे कागद काढून त्यांवरचे क्रमांक एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहा व तो फोनजवळ टांगा. आजोबांना "तुम्ही फसाल" असे म्हणू नका. त्यांना पाकिटाची गोष्ट सांगा.