इंजिन बंद पडलं तर? हौशी पायलटकडून शिका भीतीला कामाला लावायला

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण धंद्यातल्या भीतीबद्दल बोललो. त्यात छोट्या विमानाचं उदाहरण घाईत सांगावं लागलं, म्हणून इथे नीट लिहितोय.

अमेरिकेत भरपूर लोक हौस म्हणून छोटी विमानं उडवतात. कुणी डॉक्टर, कुणी शेतकरी, कुणी दुकानदार. सेस्ना 172 हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं विमान. चार सीट, एकच इंजिन. आठवडाभर आपलं काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी विमान काढायचं. भीती त्यांनाही वाटते. काही विसरलो तर? हवा बिघडली तर? इंजिन बंद पडलं तर? पण "घाबरू नको" असं ते स्वतःला सांगत बसत नाहीत. प्रत्येक भीतीला ते एक काम लावून देतात. कसं, ते बघा.

"काही विसरलो तर?"

30 ऑक्टोबर 1935 रोजी ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं नवं मॉडेल 299 चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. यंत्र बिघडलं नव्हतं. विमान उभं असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लॉक लावतात, ते काढायचं राहून गेलं होतं. चालवणारे मेजर प्लॉयर हिल चांगले अनुभवी पायलट होते. ते त्यात गेले. त्यानंतर पायलटांसाठी चेकलिस्ट तयार झाली.

आज कितीही जुना पायलट असो, यादी वाचूनच विमान काढतो. टाकीतून थोडं इंधन पारदर्शक कपात काढून त्यात पाणी आलंय का बघतो. काट्यावर भरवसा न ठेवता टाकीत काठी घालून इंधन मोजतो.

माझ्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला अशीच यादी चिकटवलेली आहे. गल्ला मोजला, उधारी लिहिली, उद्याची ऑर्डर दिली, मेन स्विच बघितला. मगच शटर खाली. घरी गेल्यावर डोक्यात काही घोळत राहत नाही.

"आज मी ठीक आहे का?"

विमानासोबत पायलट स्वतःलाही तपासतो. आजारी आहे का, कुठलं औषध घेतलंय का, ताण आहे का, दारू घेतली होती का, झोप झाली का, मन शांत आहे का. हे नीट नसेल तर विमान कितीही चांगलं असो, उड्डाण रद्द. तुम्हीही भांडण करून आल्यावर किंवा रात्रभर जागल्यावर मोठ्या खरेदीवर सही करू नका. व्यवहार उद्याही होतो.

"हवा बिघडली तर?"

शहाणा पायलट आपल्या मर्यादा घरी बसून, डोकं शांत असताना लिहून ठेवतो. आडवा वारा अमुक नॉटच्या वर गेला तर जायचं नाही, ढग इतके खाली आले तर परत फिरायचं. कारण विमानतळावर पोचल्यावर, सोबत पाहुणे असताना, "जाऊ की, काही होत नाही" असं मन म्हणतंच. घाईच्या हट्टामुळे बरेच अपघात झालेत.

आपल्याकडे हाच हट्ट उधारीत दिसतो. समोर ओळखीचा माणूस उभा असताना नाही म्हणता येत नाही. म्हणून आकडा आधीच ठरवा: एका गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त किती उधारी, किती दिवस. मग नकार तुम्ही देत नाही, तुमचा नियम देतो.

"इंधन संपलं तर?"

अमेरिकेतला नियम असा आहे की डोळ्यांनी बघून उडायच्या हवामानात, ठरलेल्या ठिकाणी पोचल्यावरही दिवसा 30 मिनिटं आणि रात्री 45 मिनिटं पुरेल इतकं इंधन शिल्लक राहील असाच बेत करायचा. ते इंधन प्रवासाच्या हिशोबात धरायचंच नाही.

तुमच्या दुकानाचं राखीव इंधन किती? भाडं, पगार आणि हप्ता, असा दोन-तीन महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात असू द्या. सीझनचा माल स्वस्त मिळतोय म्हणून त्याला हात लावायचा नाही.

"आणि इंजिन खरंच बंद पडलं तर?"

विमान दगडासारखं पडत नाही. सेस्ना 172 ला 5,000 फुटांवरून, हवा शांत असेल तर, साधारण 13 किलोमीटर तरंगत जाता येतं. म्हणजे हातात सहा-सात मिनिटं असतात. त्या वेळात काय करायचं याचा क्रम पाठ असतो: आधी विमान सांभाळ, मग उतरायची जागा बघ, मग रेडिओवर बोल. हा सराव शिक्षकासोबत आधीच करून घेतलेला असतो.

धंद्यात मोठं गिऱ्हाईक अचानक तुटलं की आपण उलटं करतो. आधी दहा जणांना फोन. क्रम लक्षात ठेवा: आधी रोजचा गल्ला चालू ठेवा आणि खर्च थांबवा, मग पर्याय शोधा, मग सप्लायरशी आणि बँकेशी बोला. पण बोला नक्की, लपवू नका.

मित्रांनो, भीती पूर्ण जात नाही, आणि जायलाही नको. तीच तर इंधन मोजायला लावते. आज रात्री वही घ्या. डावीकडे पाच भीती लिहा, उजवीकडे प्रत्येकीचं एक काम. जिच्यासमोर काम सुचत नाही, ती सोडून द्या. बाकीच्या उद्या सकाळपासून कामाला लावा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!