रविवारची सुट्टी कोणी मिळवून दिली?

गेल्या रविवारी ऑफिसच्या कामासाठी माझा फोन दिवसभर वाजत होता. चिडून लॅपटॉप उघडला आणि डोक्यात आलं, ही सुट्टी मुळात आली कुठून?

उत्तर मुंबईच्या गिरण्यांमध्ये आहे. तिथे उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चालायचं, आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. १८८४ मध्ये 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. १८९० च्या मोठ्या सभेत तर दोन कामगार बायकाही बोलल्या. त्याच वर्षी मालकांनी रविवार दिला.

पण लोखंड्यांच्या संस्थेकडे वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती. अर्जाने सुट्टी मिळाली. पण मालक ऐकेचना, तर? संप करायचा, तर घरची चूल पेटायला हवी. त्यासाठी कायम टिकणारी संघटना लागते. १९२८ मध्ये कमी माणसांत जास्त यंत्रं चालवायची टूम निघाली, तेव्हा गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली.

मी त्या रविवारी एकटाच कुरकुरलो आणि काम केलं. सोमवारी टीममधल्या चौघांना विचारलं, "तुम्हालाही फोन येतात का?" चौघेही 'हो' म्हणाले. आता आम्ही पाचजण मिळून मॅनेजरशी बोलणार आहोत.